गच्ची फोडतं ते ऊन

सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकणात जुलैच्या एखाद्या जोरदार आठवड्यात तेवढा होऊन जातो. तरीही सप्टेंबर उजाडला की जुळे सोलापुरात काय आणि साखर पेठेत काय, छताला पिवळट डाग उमटतात, रंगाचे पोपडे सुटतात आणि वॉटरप्रूफिंगवाल्यांचे फोन दिवसभर वाजत राहतात. एवढ्याशा पावसात एवढी गळती कशी, हे कळायला आधीचा उन्हाळा पाहावा लागतो.

मार्चपासून सोलापूरचा पारा चढतो. एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडणे इथे बातमीही नसते, 44 अंश झाले तर होते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि भर दुपारी उभ्या खांबाची सावलीही त्याच्या पायातच राहते. त्या वेळी उघड्या गच्चीचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो; साठ अंशांपलीकडेही जातो. पहाटेपर्यंत तो पुन्हा निवतो. एका अंशाने तापमान वाढले की काँक्रीट मीटरमागे मिलिमीटरचा शंभरावा भाग लांबते. आकडा नगण्य वाटेल, पण दहा मीटरचा स्लॅब तीस अंशांनी तापला की हिशेब तीन मिलिमीटरवर जातो. रोज लांबायचे, रोज आखडायचे. स्लॅबवर उभा असलेला विटांचा कठडा मात्र वेगळ्या हिशेबाने हलतो. दोघांचा सांधा उकलतो तो इथेच.

या चिरा मे महिन्यात कोणाला दिसत नाहीत, कारण गच्चीवर तेव्हा पापड-कुरडया वाळत असतात. पुढे सोलापूरचा मोठा पाऊस येतो तो बहुतेकदा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर. 14 ऑक्टोबर 2020 रोजी बंगालच्या उपसागरातून आंध्रमार्गे आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राने सोलापूर-पंढरपूरला झोडपून काढले. तशा एका दिवसात केसाएवढी चीरसुद्धा बादलीभर पाणी घरात आणते.

जुन्या लोकांना हे ठाऊक होते. मंगळवेढा, बार्शी, अक्कलकोटकडच्या माळवदाच्या घरांना लाकडी तुळया, त्यावर किलच म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या, त्यावर पाला आणि वर मातीचा जाड थर असे. सगळ्यात वर पांढरीची माती. मृग लागण्याआधी घरातला एक माणूस वर चढून उंदरांची बिळे बुजवी, उगवलेले गवत उपटी, नवी पांढरी माती पसरून चोपी आणि पन्हाळ मोकळे करी. ज्यांना परवडे ते चुन्याचा कोबा करून घेत. थापीने तो दिवस दिवस बडवला जाई आणि त्यावर गूळ-बेलफळाचे पाणी शिंपडले जाई. चुन्याच्या गच्चीसाठी केलेल्या भारतीय मानकांतही या गूळ-बेलफळाला जागा मिळाली आहे. सिमेंटचा स्लॅब आला आणि ही वार्षिक फेरी बंद पडली. स्लॅब एकदा टाकला की जन्माचे काम झाले, असा आपला समज झाला.

माळवदाचा सगळाच गुण गाण्यासारखा नव्हता. दरवर्षी वर माती चढत गेली, खालची कोणी काढली नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंतींबरोबर हीच जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सोलापूरकरांनीही तो धक्का अनुभवला आहे. असे असूनही गळक्या स्लॅबवर आज हमखास सुचवला जाणारा उपाय कोणता, तर जुन्या कोब्यावर नवा कोबा! वीटतुकड्यांचा चार इंची कोबा चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भरतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर हे ओझे अठरा टनांच्या घरात जाते. जुना थर पोकळ वाजत असेल, तर तो काढल्याशिवाय नवा टाकू देऊ नये. ज्या इमारतीच्या सळया आधीच गंजल्या आहेत, तिथे तर नाहीच नाही.

सोलापुरात आणखी एक भानगड आहे. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते. त्यामुळे प्रत्येक गच्चीवर एकाला दोन टाक्या, सोलर वॉटर हीटर आणि पाइपांचे जाळे. पाणी आले की टाकी भरून वाहते आणि भर एप्रिलात गच्चीचा एक कोपरा हिरवट शेवाळाने ओला राहतो. अशा घरात पाऊस नसतानाही छताला ओल दिसते आणि लोक गच्चीवर कोटिंगचा खर्च करून बसतात. खराब असतो तो टाकीचा व्हॉल्व्ह. उन्हाळ्यातही डाग वाढत असेल, तर आधी प्लंबर बोलवावा. डिश अँटेनासाठी किंवा सोलरच्या स्टँडसाठी स्लॅबला पाडलेली भोकेही याच खात्यात धरायची.

आता कोटिंगकडे वळू. बाजारात डबे शेकडो असले, तरी जाती मोजक्या. पाण्यात कालवलेले रबरासारखे ताणले जाणारे अ‍ॅक्रिलिक सर्वांत स्वस्त आणि घरगुती कामाला सोपे, पण पाणी साचून राहणाऱ्या गच्चीवर ते तग धरत नाही. सिमेंट आणि पॉलिमर कालवून लावायचे दोन भागांचे मिश्रण फरशीखाली, बाथरूममध्ये, टाकीच्या आत चांगले. पॉलियुरेथेन म्हणजे पीयू महाग, मात्र ताण सहन करण्यात अ‍ॅक्रिलिकच्या पुढे. डांबरी शीट गॅसच्या ज्योतीने चिकटवतात. ती काळी असेल आणि उघडी ठेवली तर सोलापूरच्या उन्हात घर आणखी तापवते.

कोणतेही घेतले तरी यश ठरते ते डबा उघडण्याआधी. उतार नसेल तर कोटिंग काही करू शकत नाही. दहा फुटाला सव्वा इंच उतार पाइपाच्या तोंडाकडे हवा. बादलीभर पाणी ओतून पाहिले की खळगे कळतात. शेवाळ आणि सुटे प्लास्टर तारेच्या ब्रशने खरवडायचे, चिरा व्ही आकारात उकलून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायच्या. कठडा आणि स्लॅब यांच्या कोनात काटकोन ठेवायचा नाही. तिथे मिस्त्री मसाल्याची गोलाई देतात, तिला वाटा म्हणतात, आणि तिच्यावर फायबरची जाळी बसवतात. मग स्लॅब सुकला का, हे पाहायचे. त्यासाठी दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला थेंब दिसले, तर काम थांबवावे. तसेच लावले, तर आत कोंडलेली वाफ उन्हात कोटिंगला फुगे आणते. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर रोलर फिरवला तरी तेच होते, म्हणून काम सकाळी किंवा ऊन उतरल्यावर.

फसवणूक होते ती जाडीत. एक लिटर माल एक चौरस मीटरवर पसरला की ओला थर बरोबर एक मिलिमीटरचा होतो. त्यातले निम्म्याच्या आसपास पाणी उडून गेल्यावर अर्धा मिलिमीटर उरतो. हजार चौरस फूट म्हणजे 93 चौरस मीटर. अर्धा मिलिमीटर सुका थर हवा असेल तर दोन-तीन हातांत मिळून नव्वद लिटरच्या आसपास माल लागणार. कंत्राटदार वीस लिटरची एकच बादली घेऊन आला, तर तो गच्चीला चुना लावायला आला आहे, एवढे समजावे! 'गॅरंटी किती वर्षांची' या प्रश्नाला कोणीही दहा म्हणते. 'लिटर किती' या प्रश्नावर मात्र बरेच जण अडखळतात.

पांढरे कोटिंग घेतले तर एक जादा फायदा पदरात पडतो. ते ऊन परतवते, स्लॅब कमी तापतो, चिरा कमी पडतात आणि खालची खोली दोन ते पाच अंशांनी गार राहू शकते. शेजारच्या तेलंगणाने 2023 मध्ये कूल रूफ धोरणच आणले आणि सरकारी, व्यापारी व मोठ्या निवासी इमारतींना अशी छपरे बंधनकारक केली. यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात चादरी-टॉवेल विणणाऱ्या कामगारांना या दोन-पाच अंशांचे मोल कोणी सांगायला नको. फक्त सोलापूरची धूळ पांढऱ्याचे मळकट करते, म्हणून फेब्रुवारीत एकदा गच्ची धुवावी.

बहुमजली घरांत गच्चीचा प्रश्न तांत्रिक कमी, माणसांचा जास्त. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या रे नगरात कामगारांसाठी 30 हजार घरांची वसाहत आखली गेली. त्यातल्या 15 हजारांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 रोजी दिल्या गेल्या. अशा ठिकाणी एका गच्चीखाली कितीतरी कुटुंबे असतात. वरच्या मजल्यावर डाग पडला की तळमजल्यावरचा वर्गणी द्यायला नाखूश असतो. राज्यातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करणे हे संस्थेचे काम आहे, वरच्या मजल्यावरच्या एकट्याचे नाही. संस्थेने दुरुस्ती निधीत गच्चीसाठी वेगळी रक्कम ठेवली, तर दर चार-पाच वर्षांनी नवा हात मारताना भांडण होत नाही.

काम संपल्यावर पैसे चुकते करण्याआधी पाइपाचे तोंड बंद करून गच्चीत दोन दिवस पाणी कोंडून ठेवा आणि खालच्या खोलीचे छत पाहा. ही परीक्षा कंत्राटातच लिहून घ्या. आणि यंदा मृगाआधी एकदा स्वतः वर जा, पाइपाच्या जाळीवरचा पालापाचोळा काढा, कठड्याच्या कडेने चिरा शोधा. कोटिंग कितीही भारी असले, तरी तुंबलेल्या जाळीपुढे ते हरते.