चाळीस दिवसांचा उपवास आणि मधुमेहाची गोळी

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंदला मुक्कामी असते. त्यामुळे या गावाला एकादशी, उपवास आणि साबुदाणा यांची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. मात्र याच सातारा जिल्ह्यातील ख्रिस्ती घरांमध्ये फेब्रुवारी-मार्चपासून ईस्टरपर्यंत आणखी एक उपवास चालतो. त्याचे नियम वेगळे आहेत आणि आरोग्याच्या दृष्टीने ते समजून घेण्यासारखे आहेत.

या काळाला ‘लेंट’ किंवा उपवासकाळ म्हणतात. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, त्याची ही आठवण. बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस 46 भरतात. पण रविवार आनंदाचा दिवस असल्याने मधले सहा रविवार वगळतात आणि चाळीस उरतात.

एकादशीला ‘काय चालतं’ हा प्रश्न असतो. इथे प्रश्न ‘किती’ हा असतो. कॅथलिक नियमानुसार सक्तीचा उपवास दोनच दिवस आहे, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि सकाळ-संध्याकाळ थोडेसे खाणे चालते. पाण्याला बंदी नाही. हा नियम वयाच्या 18 ते 59 वर्षांपर्यंत लागू आहे आणि आजाऱ्यांना त्यातून सूट आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये सहसा अशी सक्ती नसते; ज्याचे त्याने ठरवायचे असते. त्यामुळे काही जण स्वतःहून दिवसभर काहीच खात नाहीत, तर काही जण निर्जळीही करतात. खरी काळजी इथेच घ्यावी लागते.

जेवणानंतर काही तासांनी शरीर यकृतात साठवलेली साखर वापरू लागते. हा साठा साधारण दिवसभरात संपत येतो. मग चरबीपासून कीटोन तयार होतात आणि मेंदूलाही त्यांच्यावर भागवता येते. निरोगी माणसाला एक दिवसाचा उपवास सहसा झेपतो. ग्रीसमधील क्रीट बेटावर 120 जणांच्या एका अभ्यासात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवास पाळणाऱ्यांचे कोलेस्ट्रॉल उपवासकाळाच्या शेवटी कमी झालेले आढळले. पण ते लोक उपाशी नव्हते. मांस, दूध, अंडी सोडून ते भाज्या, कडधान्ये आणि फळे खात होते.

मधुमेहींचे गणित वेगळे असते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि जेवण टाळले, तर रक्तातील साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. घाम सुटणे, हात थरथरणे, धडधडणे, बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता रुग्णालय गाठावे. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांचा धोका निराळा आहे. लांबलेल्या उपवासात रक्तातील आम्लता वाढू शकते आणि तेव्हा साखर फारशी वाढलेली दिसतेच असे नाही.

गुड फ्रायडे मार्च अखेरीस किंवा एप्रिलमध्ये येतो. लोणंदचा भाग पर्जन्यछायेतला, त्या दिवसांत ऊन कडक असते. शेतात किंवा बाजार समितीत ओझी उचलणाऱ्याने निर्जळी केली तर चक्कर येणे, रक्तदाब उतरणे, मूत्रपिंडावर ताण येणे हे सगळे संभवते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि अशक्त वृद्ध यांनी निर्जळी करूच नये.

उपवासकाळ सुरू होण्याआधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांची मात्रा आणि वेळ ठरवून घ्यावी. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. डॉक्टरांनीही एकादशी आणि रमजानप्रमाणे लेंटचीही चौकशी करावी.

ज्यांना जेवण सोडता येत नाही, त्यांचा उपवासकाळ वाया जात नाही. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही या काळाची तीन अंगे आहेत. यशयाच्या पुस्तकात तर भुकेल्याला आपल्या भाकरीत वाटा देणे हाच खरा उपवास मानला आहे. चहातली साखर, तंबाखू किंवा दारू चाळीस दिवस सोडून वाचलेले पैसे गरजूला दिले, तर धर्मही पाळला जातो आणि प्रकृतीही सांभाळली जाते. तंबाखू-दारूच्या बाबतीत मात्र ईस्टरनंतर पुन्हा सुरुवात न करणे उत्तम.