वेबपृष्ठावरील विशेष चिन्हे : बरोबरच्या खुणेचे उदाहरण

लेखनात अक्षरांखेरीज इतरही अनेक चिन्हे येतात. उत्तरपत्रिकेवर परीक्षक करतो ती बरोबरची खूण (✓) त्यांपैकीच एक. कागदावर ती हाताच्या एका झटक्यात उमटते. संगणकाला मात्र आकार कळत नाही, संकेतांक कळतो. म्हणून वेबपृष्ठावर एखादे चिन्ह 'दिसणे' आणि ते तेथे 'असणे' या दोन भिन्न गोष्टी होत.

'विंगडिंग्ज' हा जुना फॉन्ट पाहा. त्यात डोक्यावर दोन टिंबे असलेल्या जर्मन 'यू' या अक्षराच्या जागी बरोबरच्या खुणेचे चित्र बसवलेले होते. वाचकाच्या संगणकावर तो फॉन्ट नसला, की खुणेऐवजी ते जर्मन अक्षरच उमटे. मराठी वाचकाला हा अनुभव नवा नाही. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टही याच युक्तीवर चालत : संकेतांक रोमन अक्षराचा, आकार देवनागरीचा. फॉन्ट बदलताच कवितेचा निरर्थक अक्षरांचा ढीग होई. त्याहून गंभीर बाब अशी, की अशा मजकुरात 'ज्ञानेश्वर' हा शब्द शोधला तरी सापडत नाही. संगणकाच्या लेखी तो तेथे नसतोच. अशा फाइली रूपांतरित केल्याशिवाय अभ्यासकाला त्यांत शोध घेता येत नाही.

युनिकोडने प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक दिला. बरोबरच्या खुणेचा क्रमांक षोडशमान पद्धतीत २७१३, म्हणजे दशमान पद्धतीत १०००३. ठळक खुणेचा त्याच्या लगतचा. हेरमान झाप्फ या जर्मन अक्षररचनाकाराच्या १९७८ सालच्या चिन्हसंचातून या खुणा युनिकोडमध्ये आल्या. पृष्ठ यूटीएफ-८ संकेतनात जतन केले असल्यास चिन्ह थेट टाकता येते. एरवी एचटीएमएलमध्ये अँपरसँड, हॅश, १०००३ (इंग्रजी अंकांत) व अर्धविराम असे सलग लिहावे. वाचकाच्या फॉन्टमध्ये तो आकार नसेल तर रिकामा चौकोन दिसेल, पण क्रमांक शाबूत राहील.

अर्थाचा प्रश्न मात्र क्रमांकाने सुटत नाही. जपानमध्ये व स्वीडनमध्ये हीच खूण चुकीच्या उत्तरापुढे केली जाते. जपानी शिक्षक बरोबर उत्तराला वर्तुळ करतात. शिवाय दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर चिन्हाचे केवळ नाव उच्चारतो, कधी तेही गाळतो. तेव्हा चिन्हाशेजारी 'बरोबर' किंवा 'उपलब्ध' असा शब्द लिहिणे इष्ट.

कृती : युनिकोडपूर्व फॉन्टमधील एक मराठी परिच्छेद मिळवा. त्याचा फॉन्ट बदलून काय दिसते, त्याची नोंद करा.