धुता येईल असं घड्याळ

पहाटे ४:३०

भट्टी पेटवायच्या आधी मनगटावरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून घेतो. हुमनाबादच्या नाक्यावर आमची खानावळ आहे. पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि नांदेड-बिदरकडून कलबुर्गीला उतरणारा ५० इथं एकमेकांना भेटतात. रात्रभर गाडी हाकलेला ड्रायव्हर उजाडायच्या आत दारात उभा असतो आणि त्याला गरम खायला लगेच हवं असतं.

भिंतीवरचं घड्याळ भट्टीसमोरून दिसतं, पण कोठीतून दिसत नाही आणि मोरीवरून तर नाहीच. मोबाईल मी गल्ल्याजवळ ठेवून आत जातो. तो बसमध्ये, खिशात, कानाला, सगळीकडे लागून आलेला असतो. त्याला शिवलेला हात परत कणकेत घालणं मला पटत नाही. म्हणून मनगटावर घड्याळ लागतं. आणि ते कसं असावं, याचा विचार आज दिवसभर करायचा आहे, कारण हाताखालच्या पोराला दुपारी बाजारातून त्याचं पहिलं घड्याळ घेऊन द्यायचं ठरलंय.

सकाळी ६:००

इडलीचं भांडं उघडलं की पांढरी वाफ कोपरापर्यंत येते. घड्याळाचा पहिला शत्रू ही वाफ. पाणी थेंबाथेंबानं शिरतं, ते बाहेर अडवता येतं. वाफ मात्र बारीक फटीतूनही आत जाते आणि थंड झाली की काचेच्या आतल्या बाजूला पाणी होऊन बसते. मग काटे धुक्यातून बघावे लागतात आणि आतले धातूचे भाग गंजायला लागतात.

पोराच्या मनात एक घड्याळ भरलंय. त्यावर ‘३० मीटर’ लिहिलेलं आहे. “वस्ताद, विहिरीत उडी मारली तरी काही होत नाही त्याला,” तो सांगतो. पुष्कळ जणांचा असाच समज असतो. हा आकडा प्रयोगशाळेत ठरावीक दाब देऊन काढतात, तोही साध्या, न तापलेल्या पाण्यात. रोजच्या वापरात ३० मीटर म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि हात धुताना उडालेलं पाणी, एवढंच. ५० मीटरचं घड्याळ नळाखाली धरता येतं. १०० मीटर, म्हणजे १० बार, लिहिलेलं असेल तर रोज साबणानं धुवायला हरकत नाही. उकळत्या पाण्याची आणि वाफेची हमी मात्र यातला कुठलाच आकडा देत नाही. म्हणून इडलीचं झाकण मी उजव्या हातानं, माझ्याकडची कड आधी खाली ठेवून उघडतो. वाफ पलीकडे जाते आणि डावा हात मागे राहतो. चांगलं घड्याळ घेतलं तरी ही सवय लावून घ्यावीच लागते.

सकाळी ८:००

उप्पीट, सुसला आणि मिरची भजी. बेसनाचं पीठ कालवताना घड्याळ मनगटावर नसतं. ते काढून भट्टीपासून लांबच्या खिळ्याला अडकवतो आणि मनगटापर्यंत हात धुतो. पोरगा विचारतो, घालायचंच नाही तर घ्यायचं कशाला? प्रश्न चांगला आहे. अन्नाच्या स्वच्छतेचे आंतरराष्ट्रीय नियम, कोडेक्सचे, १९६९ पासून आहेत. त्यांत दागिने, घड्याळं, टाचण्या यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. अन्नाला धोका होत असेल तर असल्या वस्तू अंगावर नकोत, असं ते सांगतात. अमेरिकेतल्या नियमांत तर अन्न तयार करताना हातावर साध्या अंगठीखेरीज काहीच चालत नाही. कारण उघड आहे. पट्ट्याखालच्या कातडीला साबण पोचत नाही. तिथं घाम, पीठ आणि तेल साचतं आणि त्यात जंतू वाढतात.

तेव्हा आमच्याकडे रीत अशी की ज्या कामात हात अन्नात जातो, त्या कामाला घड्याळ खिळ्यावर. शिजवणं, उतरवणं, वाढायला देणं, कोठीतून माल काढणं या कामांना घड्याळ हातावर. दिवसातून पुष्कळदा काढ-घाल होते. ज्या घड्याळाचा पट्टा काढायला दोन हात आणि बराच वेळ लागतो, ते इथं निरुपयोगी. पोराला हवंय ते सोनेरी, कड्यांच्या साखळीचं. मी त्याला माझ्या शेजारच्या आचाऱ्याची साखळी दाखवतो. दोन कड्यांच्या मधे हळदीची पिवळी रेघ, तिच्याखाली वाळलेलं बेसन. टाचणीनं कोरलं तर भुकटी पडते. ही भुकटी उद्या कुणाच्या ताटात पडेल? पोरगा गप्प होतो.

सकाळी १०:३०

कलबुर्गीची तूरडाळ शिजत आलीय. या डाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आमच्या भागात तिचा अभिमान मोठा. पण घड्याळाची खरी गरज डाळीपेक्षा भाताला आहे. तांदळात एका जंतूचे बीजाणू असतात, बॅसिलस सिरियस नावाच्या. भात उकळला तरी ते मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष भात परत गरम केला तरी जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सोपा आहे: शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर, थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली.

म्हणून भाताचं भगोणं उतरलं की त्याच्या झाकणावर खडूनं वेळ लिहायची. ही वेळ मी स्वतः लिहितो, दुसऱ्या कुणाला लिहू देत नाही. अंदाजानं लिहिलेली वेळ ही वेळच नसते. आजचा भात १०:४० ला उतरला. गर्दी कमी असली आणि भात उरला, तर काय करायचं ते हा आकडा ठरवतो, माझी जीभ किंवा नाक ठरवत नाही.

दुपारी १:००

गर्दी. ज्वारीच्या भाकरी तव्यावरून थेट ताटात जातायत. येण्णेगायीची वांगी, शेंगाचटणी, पिवळं वरण. भट्टीसमोर उभं राहिलं की हवा तापलेली असते, उन्हाळ्यात तर बाहेरही पारा चाळिशीच्या वर. आकडे दाखवणाऱ्या डिजिटल घड्याळांच्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं की ४० अंशांच्या वर पडदा नीट दिसेनासा होऊ शकतो. काट्यांचं घड्याळ अशा वेळी वाचता येतं. उलट, आता कोपऱ्यात आलेल्या इंडक्शन शेगडीजवळ काट्यांची घड्याळं जपावी लागतात. शेगडीचं चुंबकीय क्षेत्र जवळ गेलं की चावीच्या घड्याळाची आतली बारीक स्प्रिंग बिघडून वेळ पुढे-मागे होते आणि सेलवरच्या काट्यांची मोटर अडखळते. डिजिटलला हा त्रास नाही. त्यात काटे हलवणारी मोटरच नसते.

गजराचा उपयोग इथं थोडाच. धूर ओढणारा पंखा, तव्यावर आपटणारा सराटा, हाका. मनगटावरची बारीक पिकपिक कुणाला ऐकू येणार? डोळ्यांना दिसेल ते खरं.

आणि काच. घाईत हात डेगच्या काठावर आपटतोच. खनिज काच कठीण असते, तिच्यावर ओरखडे कमी उठतात, पण फुटली की बारीक तुकडे उडतात. वरणात पडलेला काचेचा कण शोधून सापडत नाही. सगळं वरण टाकून द्यावं लागतं. प्लास्टिकच्या काचेवर ओरखडे उठतात, पण तिचे असे चुरे होत नाहीत. दागिना म्हणून ती हलकी मानतात. स्वयंपाकघरात मी तिलाच पहिला मान देतो.

दुपारी ४:००

बाजारात आमच्या ओळखीचे घडीसाज आहेत. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांच्या टेबलावर एका जुन्या घड्याळाचं मागचं झाकण उघडून ठेवलेलं. त्यांनी चिमट्यानं आतली काळी रबरी रिंग उचलून पोराच्या तळहातावर ठेवली. केसाएवढी बारीक. वाकवली तर तडकली. “पाणी हिच्यामुळं बाहेर राहतं,” ते म्हणाले, “आणि ही तेलानं, उष्णतेनं अशी वाळते. दर दोन-तीन वर्षांनी बदलायची. सेल टाकताना बदलून घे, म्हणजे वेगळं उघडायला नको.”

मग त्यांनी दुसरं एक घड्याळ दुकानाच्या उन्हानं तापलेल्या पायरीवर ठेवलं. काच गरम झाल्यावर तिच्यावर थंड पाण्याचा थेंब टाकला, मिनिटभर थांबले आणि थेंब पुसला. थेंबाच्या जागी आतून धुकं उमटलेलं दिसलं. म्हणजे आत ओल शिरलेली आहे. पाणरोधी घड्याळांच्या मानकात हीच चाचणी ४०-४५ अंशांच्या तापलेल्या पट्टीवर घेतात. चाचांनी पायरीवर तीच करून दाखवली.

पोराची नजर काचेच्या कपाटात फिरत होती. जी-शॉक बघून तो थांबला. कासिओच्या किकुओ इबे यांनी खाली पडलं तरी फुटणार नाही असं घड्याळ करायचा ध्यास घेतला आणि १९८३ मध्ये पहिलं जी-शॉक बाजारात आणलं. ते २०० मीटरपर्यंत पाणी अडवतं. मजबुतीत त्याला तोड नाही. पण मी त्याच्या कडेवरच्या खोल खाचांकडे बोट दाखवलं. धक्का सोसायला त्या खाचा लागतात, आणि त्याच खाचांत पीठ बसतं. बांधकामावरच्या माणसाला मी हेच घड्याळ सांगेन, आचाऱ्याला नाही. कासिओचंच एफ-९१डब्ल्यू १९८९ पासून चालत आलंय. हलकं, स्वस्त, सेल सात वर्षं चालतो. पण त्याच्यावर नुसतं ‘वॉटर रेझिस्ट’ लिहिलेलं असतं, म्हणजे शिंतोड्यांपुरतं.

चाचांनी एक एचएमटी ‘जनता’ही काढून दाखवलं, चावीचं. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानं बंगळुरूत एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला आणि आमच्या वडिलांच्या पिढीत जावयाला लग्नात हे घड्याळ देण्याची पद्धतच पडली. २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, तरी जुनी घड्याळं अजून चालतायत. मला ती फार प्रिय आहेत. पण रोज चावी द्यायची म्हणजे चावीजवळची वाट रोज झिजायची, आणि पट्टा चामड्याचा. चामडं घाम पितं, तेल पितं आणि धुता येत नाही. ते घड्याळ देवदर्शनाला घालावं, भट्टीपुढे नको.

शेवटी पोरानं उचललं ते कासिओचं एमआरडब्ल्यू-२००एच. मोठे आकडे, काटे, १०० मीटर, प्लास्टिकची काच, रेझिनचा पट्टा. भोवतीची कडी हातानं फिरते. भगोणं चढवलं की कडीवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, मग किती वेळ झाला ते एका नजरेत कळतं, बटण दाबायला नको. खानावळीच्या मालकांनी निम्मे पैसे देऊ केले आणि मला ते रास्त वाटलं. चाकू-झारा खानावळीचा असतो, तर खानावळीची वेळ राखणाऱ्या घड्याळाचा भार एकट्या पोरावर का?

संध्याकाळी ७:३०

रात्रीची गर्दी सुरू. पोरगा कडी फिरवून डाळीची वेळ धरतोय. एकदा तो ओल्या हातानं चावी बाहेर ओढून वेळ लावायला गेला. मी हात धरला. चावी बाहेर असली की १०० मीटरच्या घड्याळातही पाणी सरळ आत जातं. वेळ लावायची ती कोरड्या हातानं, आणि चावी शेवटपर्यंत आत दाबायची. पीठ मळायच्या वेळी मात्र मी न सांगताच त्यानं घड्याळ खिळ्याला लावलं.

रात्री १०:३०

भांडी घासून झाली. आता घड्याळाची पाळी. भांडं घासल्याखेरीज उद्या वापरत नाही, मग घड्याळाला वेगळा न्याय कशाला? चावी आत आहे ना, ते बघायचं. गार पाणी घ्यायचं, गरम नाही. साबणाचा एक थेंब आणि मऊ झालेला जुना दात घासायचा ब्रश. कडीच्या दात्यांतून, पट्ट्याच्या भोकांतून, बकलाच्या आतल्या बाजूनं ब्रश फिरवायचा. पाण्याचा रंग बदलतो, पिवळसर होतो. तो पाहून पोरगा म्हणाला, “एका दिवसात एवढं?” एका दिवसातच. मग स्वच्छ पाण्यानं धुऊन कोरड्या फडक्यानं पुसायचं. मनगटही धुवायचं आणि रात्री मोकळं ठेवायचं, नाहीतर पट्ट्याखाली खाज सुटते.

मार्गशीर्षात इथून जवळच्या माणिकनगरला माणिकप्रभूंच्या संस्थानात दत्तजयंतीचा उत्सव असतो. महाराष्ट्रातून, तेलंगणातून भाविक येतात आणि नाक्यावर दिवसभर पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत भट्टी सोडून भाताकडे बघायला मला सवड होत नाही. यंदा भाताचं भगोणं आणि झाकणावरचा खडू मी या पोराच्या हवाली करणार आहे. त्याला तसं सांगून टाकलं.