परवान्यापासून सुईपर्यंत

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरची वसाहत आयुधनिर्माणीच्या आश्रयाने उभी राहिली, आणि ज्या कारखान्यात स्फोटक द्रव्ये सिद्ध होतात त्याच्या रचनेमागे एक व्यावहारिक शहाणपण असते : धोका समूळ नाहीसा होणार नाही हे मान्य करून इमारती दूरदूर बांधायच्या, मध्ये मातीचे बांध घालायचे, आणि अनर्थ ओढवलाच तर तो तेथल्या तेथे थोपवायचा. २४ जानेवारी २०२५ रोजी येथे स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले, तरी त्यामुळे बांधच निरर्थक आहेत असा निष्कर्ष कोणी काढला नाही. मादक द्रव्यांच्या बाबतीत मात्र हीच दृष्टी आपल्या सरकारदरबारी कधी आली, कधी हद्दपार झाली, आणि परतली ती एका विषाणूच्या भयाने.

तिचे पहिले दर्शन १८९३ साली घडते. गांजाच्या व्यसनाविषयी ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न उपस्थित झाल्यावर मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली जे कमिशन नेमले गेले, त्याने सुमारे बाराशे साक्षीदार तपासले. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी, ज्यांत वेडाचे कारण म्हणून ‘गांजा’ हा शब्द कारकुनी सवयीने लिहिलेला असे, त्यांचीही छाननी केली. आणि मर्यादित सेवनाने विशेष अपाय होत नाही, सबब सरसकट बंदीपेक्षा मक्ता, परवाना व जकात यांनी त्याला आळा घालावा, असा अभिप्राय दिला. भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता, आणि त्याच प्रांतातील खांडव्याकडे सरकारी देखरेखीखाली गांजाची लागवड होत असे. तेव्हा या निष्कर्षाने आबकारी महसुलाचीही सोय झाली, हे विसरू नये. तरीही प्रचलित समजुतीपेक्षा पुराव्याला मान देणारे इतके कसोशीचे काम नंतर फार दिवस झाले नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला आणि त्यातच प्रकृतीच्या कारणास्तव मद्य बाळगण्याच्या परवान्याची तजवीज ठेवली. ज्याला डॉक्टरचा दाखला आणि दप्तरातील हेलपाटे परवडत, त्याच्या वाट्याला सवलत आली. मजुराच्या वाट्याला हातभट्टी आणि पोलिसांचा छापा.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी मुंबईत गर्द (भेसळयुक्त हेरॉइन) आला, आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांचा नवा केंद्रीय कायदा अमलात येऊन सेवन हाही शिक्षापात्र अपराध ठरला; भांग तेवढी त्यातून सुटली. अनिल अवचटांनी गर्दुल्यांच्या जगावर केलेले लेखन वाचून पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी साहाय्याचा हात पुढे केला आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांचे ‘मुक्तांगण’ पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झाले. त्या संस्थेचे ऋण मोठे आहे. परंतु पूर्ण व्यसनमुक्ती हे तिचे साध्य होते, आणि ज्याला आज, या घडीला, सोडणे शक्यच नाही त्याचे काय करावे, हा प्रश्न अशा केंद्रांच्या दाराबाहेर उरत होता.

त्याचे उत्तर १९८४ मध्ये ॲम्स्टरडॅमला निघाले, तेही पंडितांच्या परिषदेतून नव्हे. कावीळ पसरू लागली तेव्हा व्यसनींच्याच संघटनेच्या पुढाकाराने तेथे वापरलेली सुई घेऊन कोरी सुई देण्याचा उपक्रम सुरू झाला. पुढे १९८९–९० च्या सुमारास मणिपुरात सुईने हेरॉइन घेणाऱ्यांमध्ये एचआयव्ही भयावह वेगाने पसरला, आणि आपल्याकडेही हा विचार टाळता येईना. मुंबईत १९९५ साली एल्ड्रेड टेलिस यांच्या नेतृत्वाखाली ‘संकल्प’ संस्था उभी राहिली. रस्त्यावर राहणाऱ्या गर्दुल्याला आधी व्यसन सोड असे न बजावता त्याची जखम धुवावी, कोरी सुई द्यावी, आणि तो तयार झाला तर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी नजरेसमोर जिभेखाली ठेवायला सांगावी, ही तिची रीत. ही गोळी गर्दची तलफ आणि नशा न मिळाल्यावर होणारे ‘टर्की’चे हाल थोपवते, म्हणून माणूस रोज चोरी न करता कामाला जाऊ शकतो. एका नशेऐवजी दुसरी दिली, हा आक्षेप मला उथळ वाटतो; मधुमेह्याला इन्सुलिन देताना तो कोणी घेत नाही.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने आपल्या तिसऱ्या टप्प्यात, २००७ नंतर, हा गोळीचा उपचार अंगीकारला. तथापि सुई वाटणे म्हणजे गुन्ह्याला साहाय्य, ही टांगती तलवार २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानेच दूर केली. त्याच्या २२ व्या कलमान्वये एचआयव्हीचा धोका कमी करण्याचे असे उपाय अपराध ठरत नाहीत. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने सुईने नशा करणाऱ्यांची संख्या सुमारे साडेआठ लाख, तर दारू पिणाऱ्यांची सोळा कोटी सांगितली.

विदर्भातील सामान्य माणसाचा संबंध येतो तो या सोळा कोटींशी. येथे धोरण म्हणजे बंदी : वर्धा पूर्वीपासून, गडचिरोली १९९३ पासून कोरडी, चंद्रपुरात २०१५ ला लागू झालेली बंदी २०२१ ला उठली, भंडाऱ्यात ती नाही. पिणाऱ्याचा अपाय कमी करण्यासाठी २२ व्या कलमासारखी तरतूद मात्र यांपैकी कोठेच नाही. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ने बंदीला गावसंघटनेची आणि उपचाराची जोड दिली, हे त्यातल्या त्यात वेगळे पाऊल. तंबाखूचे तर विचारूच नये : गुटख्यावर २०१२ पासून राज्यभर मनाई आहे, आणि पानठेल्यावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणे चालूच आहे.