निवाऱ्यातील सोबती आणि बदलीचा आदेश

गावोगावच्या प्राणी-निवाऱ्यांत कित्येक मुके जीव हक्काच्या घराची प्रतीक्षा करीत असतात. चेन्नईत १९६४ साली कॅप्टन व्ही. सुंदरम यांनी स्थापन केलेली ‘ब्लू क्रॉस ऑफ इंडिया’ ही संस्था जखमी व बेवारस प्राण्यांवर उपचार करते, त्यांना दत्तकही देते. अशा निवाऱ्यांतील बरेच श्वान देशी असतात. आखूड केसांमुळे त्यांना आपले उष्ण हवामान मानवते.

श्वानाचे आयुष्य साधारण दहा ते पंधरा वर्षांचे. तेवढ्या अवधीत बँक कर्मचाऱ्याच्या दोन-तीन बदल्या सहज होतात. आदेश हाती पडताच कालचा लाडका सोबती अडचण वाटू लागतो आणि दुसऱ्यांदा बेघर होतो. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार गुन्हा आहे.

वास्तविक बदलीच्या गावी त्याला नेणे अशक्य नसते. रेल्वेच्या प्रथम वर्ग वातानुकूलित डब्यातील संपूर्ण कूपे आरक्षित केल्यास श्वान सोबत प्रवास करू शकतो. अन्यथा ब्रेक व्हॅनमधील श्वानपेटीची सोय असते. पशुवैद्यकाचा दाखला आणि रेबीज लसीकरणाची नोंद मात्र जवळ हवी.

म्हणूनच निवाऱ्याची पायरी चढण्यापूर्वी घरातील सर्वांची संमती, लसीकरण व औषधोपचारांचा खर्च आणि संभाव्य बदली यांचा विचार व्हावा. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडता येते. मुक्या जीवाला दिलेला आधार मात्र अखेरपर्यंत निभावावा लागतो.