शांततेमागून येणारे भांडवल

१ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोली जिल्ह्यात अहेरी ते गर्देवाडा अशी एसटी धावली. स्वातंत्र्यानंतर त्या भागात पोहोचलेली ती पहिली एसटी. त्याच दिवशी कोनसरी येथे लॉईड्स मेटल्सच्या पोलाद प्रकल्पातील एका कारखान्याचे उद्घाटन झाले आणि तारक्कासह अकरा नक्षलवाद्यांनी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे ठेवली. एसटी, कारखाना आणि शरणागती एकाच तारखेला जुळून आल्या, हा काही योगायोग नव्हे. पुढे १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपती हा नक्षल चळवळीतला मोठा नेता साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीतच शरण आला, तेव्हा चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे एक पर्व संपत आल्याची खूण पटली.

मी राहतो दुसरबीडला, म्हणजे विदर्भाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. आमच्याकडे बंदुका कधी वाजल्या नाहीत. तरी गडचिरोलीच्या बातम्या मी कान टवकारून वाचतो, याला कारण घरचे आहे. पुतण्या आयटीआय करून तिकडे एका ठेकेदाराकडे फिटर म्हणून लागला आहे. त्याच्या आईला पूर्वी 'गडचिरोली' हा शब्द ऐकला तरी धडकी भरे. आता ती शेजारणीला मुलाचा पगार सांगते.

या गुंतवणुकीचा इतिहास मात्र रक्ताने माखलेला आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा कंपनीला २००७ साली मिळाला. २०१३ मध्ये कंपनीच्या उपाध्यक्षांसह तिघांची नक्षलवाद्यांनी हत्या केली. डिसेंबर २०१६ मध्ये खनिज वाहून नेणारी सत्तर-पंचाहत्तर वाहने एका दिवसात जाळली. उत्खननाने खरा वेग घेतला तो २०२१ पासून, आणि २०२३ मध्ये वार्षिक तीस लाख टनांची मर्यादा एक कोटी टनांवर गेली. त्याच डोंगरावर माडिया आदिवासींचा ठाकूरदेव आहे आणि दर जानेवारीत तिथे यात्रा भरते, हेही विसरून चालणार नाही. खाणींना विरोध म्हणून तोडगट्टा येथे २०२३ मध्ये ग्रामस्थ आठ महिन्यांहून अधिक काळ ठाण मांडून बसले होते. विरोध करणारा प्रत्येक जण बंदूकवाल्यांचा माणूस, असे मानणे सोयीचे असेल, खरे नव्हे.

पैसा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. जिथे सावकार आणि वनखात्याचा शिपाई एवढीच बाहेरची माणसे दिसत, तिथे महिन्याच्या महिन्याला बँकेत पगार जमा होतो आहे. आत्मसमर्पण केलेल्यांना नोकऱ्या मिळाल्या, कामगारांना कंपनीचे शेअर देण्यात आले. ही शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण पगार घेणारा आणि वाटा असणारा यांत फरक आहे. पण पुतण्या जे सांगतो त्याने मन थोडे खट्टू होते. त्याच्या खानावळीतला भाजीपाला चंद्रपूरहून येतो, अंडी आणखी कुठून तरी. वेल्डर, क्रेनवाला, टायरवाला सगळे परजिल्ह्यांतले. गावातली पोरे बहुधा गेटवर पहाऱ्याला. पैसा गावातून जातो, गावात मुरत नाही.

हे एकट्या गडचिरोलीचे दुखणे नव्हे. मोझांबिकमधले यादवी युद्ध १९९२ च्या करारानंतर थांबले आणि राजधानी मापुटोजवळ ॲल्युमिनियमचा प्रचंड कारखाना उभा राहिला. २००० साली तो सुरू झाला, तेव्हा देशाच्या निर्यातीचे आकडे फुगले आणि जगभरच्या गुंतवणूकदारांची भीड चेपली. कायम नोकऱ्या मात्र हजाराच्या आसपास. पुढे स्थानिक लघुउद्योजकांना कामे मिळावीत म्हणून मुद्दाम प्रशिक्षण द्यावे लागले. ते आपोआप घडले नाही.

आणि आम्हा दुसरबीडकरांना एका कारखान्यावर जगणे म्हणजे काय, ते परक्या देशात जाऊन शिकायला नको. इथे जिजामाता सहकारी साखर कारखाना होता. गाळप सुरू झाले की टोळ्या येत, बैलगाड्यांच्या रांगा लागत, चहाच्या टपरीपासून लोहाराच्या भात्यापर्यंत सगळ्यांना काम असे. कारखाना बंद पडला तसे हे सारे एका मागोमाग विझत गेले, कारण त्यातले काहीच स्वतःच्या पायावर उभे नव्हते. तोही सहकारी, म्हणजे कागदोपत्री तरी आमचा होता. लोहखनिज तर ऊस नव्हे. खोडव्याला पुन्हा फुटत नाही.

गंमत अशी की दुसऱ्या प्रकारच्या धंद्याचा धडाही गडचिरोलीनेच घालून दिला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. ठेकेदाराशी भाव ठरवणे, वाहतूक परवाने फाडणे, मजुरी बँकेतून वाटणे, सरकारी कर भरणे ही कामे गावकरी शिकले. पुढे जिल्ह्यातल्या कित्येक ग्रामसभांनी बांबू आणि तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः केले. यालाही खासगी उद्यमच म्हणायला हवे, भले त्याच्या उद्घाटनाला हेलिकॉप्टर उतरत नसेल. या ग्रामसभांना हंगामाआधी खेळते भांडवल मिळवायला जी दमछाक होते, ती पाहता बँकांचे धाडस फक्त मोठ्या कर्जदारांपुरतेच असते की काय, अशी शंका येते.

जुलै २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी अशी पाऊणशेहून अधिक किलोमीटरची खनिजवाहिनी सुरू झाली. आलापल्ली-आष्टी रस्त्याची ट्रकांनी जी चाळण केली होती, तिला त्यामुळे उतार पडेल, हे चांगलेच. पण ट्रक कमी झाले की ट्रकच्या आधाराने उभी राहिलेली टपरी, पंक्चरचे दुकान, ड्रायव्हरचा पोरगा यांचे काय, याचा हिशेब कोणत्या कागदावर आहे? पुतण्याला मी हेच विचारले. तो म्हणाला, "काका, आष्टीच्या दोन पोरांना मी वेल्डिंग शिकवतोय. सुट्टीच्या दिवशी, माझ्या खोलीवर. ठेकेदाराला अजून सांगितलं नाही."