परातीचा हिशेब

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील कामशेतसारख्या गावच्या लहान गॅरेजात डोकावले, तर निम्मे स्वयंपाकघर तेथे आलेले दिसते. काळे पडलेले इंजिन ऑइल झेलण्यास परात, नवे भरण्यास नरसाळे, सुट्या स्क्रूंसाठी वाटी आणि बॅटरीच्या टोकांवरील आम्लाचा थर घालविण्यास खाण्याचा सोडा. (सोड्याने आम्ल निष्प्रभ होते, त्याचे पाणी मात्र बॅटरीच्या आत जाता कामा नये.) यास कल्पकता म्हणून गौरविणे सोपे आहे. पण २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर लांब पल्ल्याची बरीच वाहतूक तिकडे वळली. मग जुन्या रस्त्यावर नव्या हत्यारांत पैसा गुंतवावा कोणाच्या भरवशावर? २०१५ पासून मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंत शिशु कर्जाची सोय आहे. परंतु परातीला हप्ता नसतो. तिची किंमत गॅरेजच्या जमाखर्चात चढत नाही, ती घरची गृहिणी सोसते. खरा धोका निराळाच आहे. वापरलेल्या तेलात धातूंचे कण असतात, बॅटरीच्या थरात शिसे. असे भांडे कितीही घासले तरी पुन्हा चुलीपाशी नेऊ नये. तळाशी तांबड्या रंगाची ठळक खूण केली, तर सणाच्या घाईत कणीक मळण्यास ते कोणी उचलणार नाही.